केसपेपरवरचे पहिले वाक्य

अर्नाळ्याहून विरार स्टेशनला जाणाऱ्या पहाटेच्या बसमध्ये मासळीच्या टोपल्या असतात, भाजीच्या पाट्या असतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला आणखी एक गर्दी दिसू लागली आहे: गळ्यात आयकार्ड, पाठीवर सॅक आणि डोळ्यांवर अर्धवट झोप असलेली अठरा ते पंचवीस वर्षांची मुले. यातली काही वसई पूर्वेला वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत उतरतात, काही पेल्हारच्या महामार्गालगतच्या गोदामांत जातात, तर काही चिंचोटी-कामण रस्त्याने थेट भिवंडी गाठतात. हल्ली रिश्त्याच्या बोलण्यातही हे ऐकू येते. मुलगा काय करतो? “गोडाऊनला आहे.” यापुढे कोणी विचारत नाही, आणि बहुतेक आईबापांनाही यापुढचे ठाऊक नसते. गोडाऊनला म्हणजे कुठे, कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या यंत्राच्या शेजारी?

भिवंडीभोवतीच्या मानकोली, वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांत गोदामे उभी राहिली ती मुंबईच्या जकातीमुळे. माल मुंबईच्या हद्दीबाहेर उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली. घरबसल्या मोबाईलवर मागवलेला मिक्सर, चप्पल, बेबी पावडर याच पत्र्याच्या उंच शेडमधून निघते. आता आपल्याच जिल्ह्यात वाढवण बंदराचे काम सुरू झाले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याचा पायाभरणी समारंभ झाला. त्या बंदराबद्दल मच्छीमार बांधवांचा विरोध आणि त्यांचे म्हणणे हा स्वतंत्र विषय आहे. पण बंदर आले की कंटेनर येतात, कंटेनर आले की गोदामे येतात. म्हणजे आमच्या वर्गात आज बसलेल्या मुलांपैकी अनेकांची रोजी याच शेडमध्ये लिहिलेली असणार.

या शेडमधले सर्वांत धोक्याचे जनावर म्हणजे फोर्कलिफ्ट. पुढे दोन लोखंडी दाते, त्यावर लाकडी पॅलेट, पॅलेटवर माल. दिसायला रिक्षाएवढी, त्यामुळे नवख्या मुलाला तिची भीती वाटत नाही. पण दोन-अडीच टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतः साडेतीन-चार टनांची असते. पुढचा माल उचलताना ती पुढे कलंडू नये म्हणून तिच्या पाठीत ओतीव लोखंडाचे जड वजन भरलेले असते. आपल्या छोट्या मोटारीचे वजन एक टनाच्या आतबाहेर. म्हणजे तीन-चार मोटारींचे वजन एका रिक्षाएवढ्या आकारात कोंबलेले. ते चालत्या माणसाच्या वेगाने जरी पायावरून गेले, तरी हाडांचा चुरा होतो.

दुसरी गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही. मोटारीची पुढची चाके वळतात, फोर्कलिफ्टची मागची. त्यामुळे ती डावीकडे वळली की तिचा मागचा भाग जोरात उजवीकडे फेकला जातो. रस्त्यावरच्या सवयीने माणूस गाडीच्या बाजूला उभा राहतो, ‘ती तर पलीकडे वळतेय’ असे समजतो आणि शेपटीच्या फटकाऱ्यात रॅकला चिरडला जातो. तिसरी गोष्ट म्हणजे पुढे उंच माल असला की चालवणाऱ्याला समोरचे काही दिसत नाही. अशा वेळी गाडी उलटी, मागे बघत चालवायची असते. पण मान दुखते, वेळ जातो, वर सुपरवायझर ओरडतो, आणि मग गाडी सरळच हाकली जाते. रॅकच्या गल्लीच्या तोंडाशी स्कॅनर हातात घेऊन खाली मान घातलेला पिकर मुलगा बाहेर पडतो. धडक होते ती अशी.

आणखी काही प्रकार आहेत. ट्रकच्या हौद्यात फोर्कलिफ्ट शिरलेली असताना ट्रक जरासा पुढे सरकतो आणि फलाट व ट्रक यांच्यामधल्या फटीत गाडी माणसासकट कोसळते. चाकाला ठोकळा लावणे आणि माल उतरेपर्यंत ट्रकची किल्ली काढून घेणे एवढाच त्यावर उपाय आहे. त्याला खर्च काहीच नाही. वरच्या रॅकमधला माल मोजायला पोराला पॅलेटवर उभे करून दात्यांवर वर चढवले जाते; हे तर सर्रास चालते आणि मुले त्याचे व्हिडिओही काढतात. गाडीचा धक्का रॅकच्या खांबाला बसतो, खांब किंचित वाकतो, कोणी लक्ष देत नाही आणि काही दिवसांनी भरलेली रॅक खाली येते. आणि गाडी कलंडू लागली की चालवणारा जीव वाचवायला उडी मारतो, नेमका त्याच बाजूला, आणि वरच्या लोखंडी छपराखाली सापडतो. ज्या गाडीला पट्टा आहे तिच्यात पट्टा लावून, स्टिअरिंग घट्ट धरून आतच बसून राहायचे, हा शिकवून घेण्याचा धडा आहे. मनाला ते पटत नाही, म्हणूनच तो आधीपासून गिरवावा लागतो.

हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. अमेरिकेत १८ वर्षांखालच्या मुलाला फोर्कलिफ्टवर बसवायला कायद्याने बंदी आहे, चालकाला प्रशिक्षण देऊन त्याची दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी करणे मालकावर बंधनकारक आहे. तरीही तिथे २०१७ ते २०२२ या काळात दरवर्षी साधारण ७० ते ८५ माणसे फोर्कलिफ्टमुळे कामावर दगावली. जिथे एवढी शिस्त आहे तिथली ही गत.

आपल्याकडे शिस्तीच्या आधीच एक फट आहे. ‘आमच्या ड्रायव्हरकडे लायसन्स आहे’ असे गोडाऊनवाले सांगतात. ते लायसन्स असते आरटीओचे, मोटारीचे किंवा टेम्पोचे. मोटार वाहन कायद्यातील व्याख्या वाचली तर कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन ‘मोटार वाहन’ या शब्दातच बसत नाही. म्हणजे रस्त्यावर न येणाऱ्या फोर्कलिफ्टला नंबरप्लेट नाही, आणि रस्त्यावरच्या गाडीला सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमाही नाही. रस्त्यावर ट्रकने उडवले तर लोक मोटार अपघात न्यायाधिकरणात जातात. तो रस्ता सगळ्यांना माहीत असतो, वकीलही दारात येतात. गोडाऊनच्या आत उडवले तर रस्ता वेगळा आहे, आणि तो फार थोड्या घरांना ठाऊक आहे. त्या रस्त्याची सुरुवात दवाखान्यात होते, केसपेपरवर.

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा. वय २०, घरात मोठा, वडील आजारी. महामार्गालगतच्या एका गोडाऊनमध्ये ठेकेदारामार्फत लागला. कामावर चप्पल घालूनच जायचा. बूट कोणी दिले नव्हते आणि मागायची त्याला लाज वाटायची. एके रात्री मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टचे चाक त्याच्या उजव्या पायावर चढले. सुपरवायझरने स्वतःच्या गाडीत घालून त्याला खासगी दवाखान्यात नेले, आणि वाटेत दोनदा बजावले, “बाईकवरून पडलो असं सांग. नाहीतर पोलिसांचं लफडं होईल, ड्रायव्हर पण आपलाच माणूस आहे, त्याची नोकरी जाईल.” मुलाने तसे सांगितले. डॉक्टरांनी तसे लिहिले. पायाचा अंगठा मुळापासून काढावा लागला. दवाखान्याचे बिल ठेकेदाराने भरले, वर १०,००० रुपये दिले आणि एका कागदावर सही घेतली. दोन महिन्यांनी मुलगा कामावर परतला तेव्हा त्याच्या जागी दुसरा मुलगा होता.

घरच्यांनी तेव्हा सुपरवायझरला दुवा दिली. बिचाऱ्याने स्वतःच्या गाडीतून नेले, बिल भरले. ते खरेही होते. पण आता हिशेब करून पाहू; हिशेबाला आम्ही मास्तर लोक घाबरत नाही.

१९२३ सालचा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा सांगतो की कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची. कामगाराने मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही. ठेकेदाराचा कामगार असला तरी ज्याच्या व्यवसायाचे काम त्याच्या जागेत चालले होते, त्या मुख्य मालकाकडूनही ती मागता येते. त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. दर महिन्याच्या पगारातले, जानेवारी २०२० पासून, जास्तीत जास्त १५,००० रुपये हिशेबात धरतात. वयाप्रमाणे एक गुणक आहे. २० वर्षांच्या मुलाला तो २२४ आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर पगाराच्या ६० टक्के गुणिले गुणक, म्हणजे ९,००० गुणिले २२४, म्हणजे २०,१६,००० रुपये. अवयवानुसार टक्केवारीचा तक्ता कायद्याला जोडलेला आहे. हाताचा अंगठा गेला तर ३० टक्के. पायाचा अंगठा मुळापासून गेला तर १४ टक्के. २०,१६,००० चे १४ टक्के होतात २,८२,२४० रुपये. उपचाराचा खर्च वेगळा, आणि कामावर जाता येत नव्हते त्या काळासाठी दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के रक्कम वेगळी. एका महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि कारण पटण्यासारखे नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. त्या मुलाच्या हातात आले १०,०००.

आणि सही केलेला तो कागद? कायद्याचे कलम १७ सांगते की कामगाराला आपला भरपाईचा हक्क सोडायला लावणारा करार रद्दबातल आहे. स्टॅम्प पेपरवर असो, चार साक्षीदार असोत. तो कागद मुलाच्या आड आला नसता. आड आला केसपेपर. ‘बाईकवरून पडला’ या दोन शब्दांनी गोडाऊन, फोर्कलिफ्ट, ठेकेदार, सगळेच पुसून टाकले होते.

म्हणून घराघरांत हे एक वाक्य पाठ असावे असे आम्हाला वाटते. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, “काय झालं?” तेव्हा खरे सांगायचे: अमुक ठिकाणच्या गोडाऊनमध्ये, कामावर असताना, फोर्कलिफ्टने धडक दिली. मग डॉक्टर मेडिको-लीगल नोंद करतात, पोलिसांना कळवले जाते, जागेचा पंचनामा होऊ शकतो. निष्काळजीपणाने मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हाही नोंदतो. जखमी बोलण्याच्या स्थितीत नसेल तर सोबतच्या भावाने, चाचांनी, मित्राने हे सांगायचे. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन केला तर त्या फोनचीही नोंद राहते, पैसेही पडत नाहीत. चिरडलेल्या जखमेत एक गोष्ट लक्षात ठेवावी: पोटावर किंवा छातीवर दाब बसलेला मुलगा उठून उभा राहिला, पाणी प्यायला, ‘ठीक आहे’ म्हणाला, तरी त्याला घरी आणू नये. आतला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही.

खोटे बोलायला सांगणारा दर वेळी दुष्टच असतो असे नाही. तोही कुणाच्या तरी हाताखालचा आहे, त्यालाही आपली नोकरी टिकवायची आहे. तरी खोटी साक्ष ती खोटीच, आणि तिची किंमत ज्याचा पाय गेला तो भरतो.

पुरावा म्हणून मुलाने आधीपासून काय जवळ ठेवावे? रोख पगार घेणाऱ्यांचा प्रश्न मोठा आहे. आयकार्डाचा फोटो, गेटपास, हजेरीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातले निरोप, बँकेत किंवा यूपीआयवर आलेला पगार, ठेकेदाराचे पूर्ण नाव. हे सगळे आईच्या किंवा बहिणीच्या मोबाईलवरही पाठवून ठेवावे, कारण अपघातात मोबाईलही चिरडतो. पगारातून ईएसआय कापले जात असेल तर नंबर मागून घ्यावा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ही योजना लागू होते, आणि मग १९२३ च्या कायद्याऐवजी ईएसआयकडून लाभ मिळतो: उपचार, आणि तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या ९० टक्के. कांदिवलीला त्यांचे रुग्णालय आहे. कापतात पण भरत नाहीत, असे ठेकेदारही असतात. म्हणून नंबर हातात हवा.

आता आपल्या घरांतली खरी अडचण. भरपाईचे नाव काढले की वडीलधारे म्हणतात, “जाऊ दे, अल्लाहची मर्जी. तकदीरमध्ये होतं. सबर करा.” सबर करायलाच हवा, गेलेला अवयव कोर्ट परत देत नाही. पण सबर हा दुःखाबाबत असतो. दुसऱ्याकडे राहिलेला हक्क मागणे म्हणजे बेसबरी नव्हे. मजुरीबद्दलची आणि उंट बांधण्याबद्दलची अशा दोन्ही हदीस मकतबमधल्या लहान पोरांनाही माहीत असतात. काहींना असेही वाटते की शरीराच्या बदल्यात पैसे घेणे बरे दिसत नाही. फिकहच्या किताबांत जखमांच्या दियतीचे पूर्ण प्रकरण असते, आणि त्यात हाताच्या वा पायाच्या प्रत्येक बोटाची दियत पूर्ण दियतीच्या एक दशांश ठरवलेली आहे. कायद्याची भरपाई आणि दियत या एकच गोष्टी नव्हेत, आणि फतवा देणे आमचे काम नाही. शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. पण बोटाची किंमत मोजणे आपल्या परंपरेला परके नाही, एवढे तर उघड आहे. तो मुलगा आज नमाजमध्ये कादाला बसतो तेव्हा उजवा पाय नेहमीसारखा रोवता येत नाही. माजुराला सूट आहे, त्याची नमाज होते. पण शेजारी बसणाऱ्याला ते दिसते.

मृत्यू झाला तर गोष्ट आणखी नाजूक होते. वीस वर्षांच्या त्याच हिशेबाने, मृत्यूची भरपाई पगाराच्या ५० टक्के गुणिले २२४, म्हणजे १६,८०,००० रुपये होते. मय्यत घरात असताना मालकाचा माणूस दोन लाखांचे पाकीट घेऊन येतो. सासरे किंवा दीर ते घेतात, बेवा आत इद्दतमध्ये बसलेली. तिला कोणी विचारत नाही. कायद्याने मृत्यूची भरपाई वारसांच्या हातात द्यायचीच नसते. ती भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. मालकाने परस्पर दिलेले पैसे, तीन महिन्यांच्या पगारापर्यंतची आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाई म्हणून धरले जात नाहीत. आयुक्त ते बेवा, मुले, आईवडील अशा अवलंबितांत वाटून देतात आणि लहान मुलांचा वाटा त्यांच्या हितासाठी गुंतवून ठेवू शकतात. यतीमांच्या मालाबद्दल कुरआन शरीफमध्ये किती सक्त ताकीद आहे, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. इथे देशाचा कायदाही तीच राखण करतो आहे, आणि आपणच पाकिटाच्या घाईत ती मोडतो. इद्दत चार महिने दहा दिवसांची, दाव्याची मुदत दोन वर्षांची. तेव्हा कोणी घाई करून तिच्याकडून सही घेत असेल, तर ती घाई तिची नाही.

मालक म्हणतात, “हेल्मेट घातलं नव्हतं, चूक त्याचीच.” मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हा बचाव चालत नाही. इतर जखमांतही नियम जाणूनबुजून मोडल्याचे दाखवावे लागते. साधी गफलत पुरत नाही.

घरच्यांच्या हातात जे आहे तेही थोडेसे सांगतो. पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज मालकाने द्यायला हवेत, ते मागावेत. मिळेपर्यंत ईदच्या खरेदीत एक जोड चप्पल कमी घेऊन ते घ्यावेत. रमजानमध्ये रात्रपाळी करून, सहरी करून आलेल्या मुलाला दिवसा झोपू द्यावे. इफ्तारच्या सामानासाठी त्याला बाजारात पिटाळू नये. पेंगणारा चालक आणि पेंगणारा पिकर एकाच गल्लीत आले तर काय होते ते वर सांगितलेच. विरार-नालासोपाऱ्याच्या आपल्या कितीतरी मुली आणि बायका पॅकिंगला जातात. त्यांनी ओढणीची टोके आत खोचलेली, हिजाब पिन लावून घट्ट बसवलेला असावा, सरकत्या पट्ट्याजवळ सैल कापड लोंबू देऊ नये. पडदा सांभाळूनही हे जमते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने चारही श्रम संहिता लागू केल्या. १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात सामावला आहे. हिशेबाची पद्धत तीच आहे, आणि एक भर पडली आहे: घरून कामावर जाताना वा कामावरून घरी येताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, आता कामावरचाच अपघात धरला जातो. कामण रस्त्याने पहाटे भिवंडीला जाणाऱ्या आमच्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नाही.

शेवटी जागेचा प्रश्न, कारण खेपांना कंटाळून अनेकजण दावा सोडतात. अपघात भिवंडीत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात झाला तरी दावा तिथेच लावावा लागतो असे नाही. जखमी कामगार किंवा मयताचे अवलंबित जिथे राहतात, तिथल्या आयुक्तांकडेही तो दाखल करता येतो. म्हणजे अर्नाळ्याच्या घराला पालघर जिल्ह्यात, आणि सोबत काम करणाऱ्या आजमगढच्या मुलाच्या आईला तिच्या जिल्ह्यात. दोन वर्षे अपघाताच्या तारखेपासून मोजतात, मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून. वकिलाकडे जाताना पगाराचा पुरावा, आयकार्ड आणि केसपेपर न्यायचा. केसपेपरची शाई उडते, त्याची झेरॉक्स पहिल्याच दिवशी काढून ठेवावी.